शंभूची पांढरी गेम

दुपारचं जेवण उरकून हंबीरराव बूट घालायला बसले, की त्यांची मुलगी संयोगिता हातातलं काम टाकून दाराकडं बघायची. बूट जुने, पलटणीतले, पण तोंड दिसेल इतकी चकाकी. हा माणूस स्वतःच्या बायकोचं नाव विसरला होता. पोटच्या मुलीला एक दिवस ओळखायचा, एक दिवस नाही. पण बुटांना पॉलिश करायचं मात्र कधी विसरला नाही. लेस बांधून झाली, की टोपी डोक्यावर चढवायची, दाराशी यायचं आणि शांतपणे सांगायचं, "सातारच्या स्टँडवर जाऊन येतो. शंभूची गेम ऱ्हायलीया तितं."

सातारा तसा लांब नाही, पण उंब्रजच्या त्या घरापासून हायवे फारच जवळ होता. गल्ली संपली की सर्व्हिस रस्ता, तो ओलांडला की पुण्या-बेंगळूरच्या गाड्या. तिथं गाडीवाला म्हाताऱ्याला बघून ब्रेक दाबेपर्यंत म्हातारा मागे पडलेला असतो. संयोगिता रोज त्यांना कुठंतरी गाठायची. कधी गल्लीच्या तोंडाशी, कधी टपरीजवळ, आणि दोनदा तर थेट डांबरावर. हाताला धरून परत आणायची. वाटेत ते म्हणायचे, "बाई, पोरगं वाट बघत असंल हो."

त्या गेमची हकीकत घरात सगळ्यांना पाठ होती. तीसेक वर्षांपूर्वी हवालदार हंबीरराव सुट्टीवर येताना पोरासाठी टीव्हीला जोडायची गेम घेऊन निघाले. पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टिकचा चपटा डबा, वरच्या खाचेत कॅसेट खुपसायची, आणि दोन वायरींच्या टोकांना दोन रिमोट. गावात तोवर कुणाकडं अशी वस्तू नव्हती. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलताना ट्रंक आणि बिस्तरा टपावर चढवायच्या गडबडीत गेमचा खोका बाकड्यावरच राहिला. उंब्रजला उतरल्यावर लक्षात आलं. हवालदारांनी घराचं तोंडही बघितलं नाही. सामान टपरीवर टाकलं, रस्त्यात आडवा हात करून एक ट्रक थांबवला आणि आल्या पावली साताऱ्याला गेले. खोका बाकड्यावर तसाच होता, कुणी एक म्हातारी त्याला टेकून झोपली होती. सणावाराला चार माणसं जमली की ही गोष्ट निघायची, आणि म्हातारीपाशी आली की सगळे हसायचे.

आता डॉक्टरांच्या भाषेत हंबीररावांचा, म्हणजे संयोगिताच्या आबांचा, मेंदू आकसत चालला होता. आकसला तर आकसला, पण जाताना काय ठेवावं आणि काय न्यावं याला काही धरबंध? गेम स्टँडवर राहिली एवढं त्यानं ठेवलं. ती मिळाली, हे नेलं. संयोगिताचा भाऊ शंभूराज मोठा झाला, पुण्याला कंपनीत लागला आणि एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन गेला, हेही नेलं. स्वतः खांदा दिलेला बाप आता रोज त्याच्यासाठी बूट घालत होता. हंबीररावांच्या लेखी शंभू चौथीत होता आणि शाळेत गेला होता. संयोगितानं हे त्यांना कधी दुरुस्त करून सांगितलं नाही. एकदा जे दुःख त्यांनी भोगलं ते परत पहिल्यापासून भोगायला लावायला तिची जीभ रेटत नव्हती.

आणि गेम तर घरातच होती. टीव्हीच्या खालच्या कप्प्यात, आईनं विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली. पण वर्षांनी तिचा रंग पार बदलला होता. न घासलेल्या दातांसारखी पिवळी पडली होती. संयोगितानं ती काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "आबा, ही बघा शंभूची गेम. तुमीच आनली न्हवं का परत."

त्यांनी ती उलटीपालटी केली. खालच्या बाजूला काळ्या रंगानं त्यांच्याच हातानं लिहिलेलं नाव होतं. पलटणीत ट्रंकेवर नाव-नंबर घालायची सवय, तसं पोराच्या गेमवरही घातलं होतं. त्यांनी ते नाव मोठ्यानं वाचलंसुद्धा. मग गेम बाजूला सारली.

"नाव काय, कुनीबी घालतंय. ही कुनाची तरी जुनी हाय. आपली पांढरी हुती." आणि बुटांकडं वळले.

चुलतभाऊ जयराज उसाचा आणि भावकीचा कारभार बघायचा. मनानं वाईट नव्हता, पण त्याला सगळ्या गोष्टींचा निकाल लागलेला आवडायचा. तो म्हणाला, "आक्का, बाहेरनं कडी घाल. न्हाईतर सांगलीला एक ठिकान हाय, तितं ठिवू. गेट बंद असतंय त्यांचं."

ती त्याच्याबरोबर सांगलीला जाऊन ते ठिकाण बघून आली. फरशी स्वच्छ होती, जेवणही बरं होतं. पण कोपऱ्यातल्या खाटेवर एका म्हाताऱ्याचा हात ओढणीनं खाटेला बांधलेला होता. ओढणी मऊ होती, गाठही सैल होती. तिथल्या बाईंनी ते मुद्दाम दाखवून सांगितलं. परत येऊन गाडीतून उतरताना संयोगिता म्हणाली, "सांगलीला न्हाई आनि कडीबी न्हाई."

"मग पुढच्या बारीला हायवेवर सापडलं तर मी इचारनार न्हाई," जयराज म्हणाला. "सरळ गाडीत घालून नीन."

संयोगिताचं ब्युटी पार्लर घराच्या पुढच्या खोलीत होतं. तिला म्हसवडला दिली होती. तिथलं जमलं नाही, तेव्हा परत येऊन तिनं हे काम शिकून घेतलं. एका रात्री, डोळा लागत नाही म्हणून, तिनं मोबाईलवर पिवळं प्लॅस्टिक पांढरं कसं करायचं ते शोधलं. एक परदेशी माणूस तसलीच गेम उघडून तिच्या कवचाला ब्रशनं पांढरी क्रीम फासत होता. त्यानं डबा कॅमेऱ्यासमोर धरला आणि संयोगिता उठून बसली. केसांना रंग लावण्याआधी मूळ रंग उतरवायची ती क्रीम. तिच्या फळीवर तसले दोन डबे होते. क्रीम फासायची आणि उन्हात ठेवायचं, बस. वैशाखातल्या उंब्रजला उन्हाचा काय तोटा.

दुसऱ्या दिवशी तिनं पार्लरवर बंदची पाटी लावली. ऐन लग्नसराई, दोन नवऱ्या दारातून परत गेल्या. तिनं गेमचे स्क्रू काढून वाटीत ठेवले, आतली सर्किटची हिरवी पट्टी आणि वायरी जपून काढल्या. मग रिकाम्या कवचाला क्रीम लावली, आणि इथं सवयीनं घात केला. केसांना क्रीम लावली की वर चांदीचा कागद गुंडाळायचा, हे तिच्या हातांना इतकं पाठ होतं, की तिनं कवचही चांदीच्या कागदात घट्ट गुंडाळलं आणि गच्चीवर नेऊन ठेवलं. कागदाच्या आत ऊन शिरणार कुठून? नुसती उष्णता लागली, क्रीम जागोजागी वाळली. संध्याकाळी कागद सोडला तर गेम बांडी झालेली. इथं पांढरा ठिपका, तिथं पिवळा पट्टा.

हंबीररावांनी ती बघितली. "कुनाची बांडी आनलीस ही?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "दमलीस गं बाई. मीच जातो."

संयोगितानं मोबाईलवर तो माणूस परत बघितला, यावेळी शेवटपर्यंत. त्यानं पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. ऊन आत जायला हवं, क्रीम ओली राहायला हवी आणि थोड्या थोड्या वेळानं वस्तू फिरवायला हवी. शेवटी त्यानं असंही सांगितलं, की पिवळेपणा काही काळानं परत येऊ शकतो. तेवढं तिनं कानाआड केलं.

गच्चीवर त्या दिवसांत जागा मिळवायची म्हणजे भांडणच. शेजारची साळूबाई आणि ती, दोघींची गच्ची एकच. साळूबाईच्या कुरडया, सांडगे आणि बटाट्याचे पापड भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेले. त्यातून कोपरा मागून संयोगितानं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कवच मांडलं. मग ती खाली यायची, आबांना बघायची, परत वर जायची, कवच फिरवायची. पाय मोडून आले. आबा जेवले आणि आडवे झाले, तेव्हा तिला वाटलं, आज दिवस पदरात पडला.

तिचाही जरा डोळा लागला असेल-नसेल. वर गेली तर गच्चीभर साळूबाईचं जुनं जांभळं पातळ अंथरलेलं. कुरडयांवर, सांडग्यांवर आणि गेमवरही.

"कावळं लय झाल्यात गं," साळूबाई पाण्याच्या टाकीच्या सावलीतून म्हणाली. "आनि तुझं ते पिलास्टिक उनानं वितळंल म्हनून त्येबी झाकलं. राग आला व्हय?"

राग आला होता, पण कुणावर काढायचा? साळूबाईनं चांगल्या मनानं केलं होतं. वाळवण झाकायचं हे तिच्या हाताला तितकंच पाठ होतं जितका संयोगिताच्या हाताला चांदीचा कागद. संयोगितानं पातळ बाजूला केलं, गुडघ्यावर बसून प्लॅस्टिक सोडलं, वाळलेली क्रीम खरवडली आणि नवी फासायला घेतली. हातमोजे खाली राहिले होते, तशीच नुसत्या बोटांनी. बोटांची आग व्हायला लागली, तरी थांबली नाही. ऊन उतरायच्या आत जेवढं होईल तेवढं.

मग कठड्यावरून सहज खाली बघितलं. दार सताड उघडं होतं.

ती जिना कशी उतरली ते तिला नंतर आठवलं नाही. अनवाणी, पदर सुटलेला, दोन्ही हात क्रीमनं माखलेले. गल्ली, टपरी, सर्व्हिस रस्ता. हंबीरराव हायवेच्या मधल्या पट्ट्यात उभे होते. टोपी नीट करून, छाती काढून, त्यांनी समोरून येणाऱ्या दुधाच्या टँकरला आडवा हात केला होता, अगदी तेव्हा ट्रकला केला होता तसा. टँकरनं ब्रेक दाबले. चाकांचा तो आवाज बराच वेळ संपला नाही. टँकर तिरका होऊन थांबला, तेव्हा हंबीरराव त्याच्या नंबरप्लेटवर हात ठेवून चालकाला म्हणत होते, "सातारला सोडता का?"

तिनं त्यांना मागून कवळा घातला. ते घाबरले, झटापट करू लागले. "बाई, सोडा मला. आवं, सोडा. पोरगं रडत असंल." म्हातारा असला तरी फौजेतला हात होता. चालक खाली उतरून तिला घालून पाडून बोलत होता. शिव्या संपल्यावर तो रस्त्याच्या कडेला जाऊन बसला आणि पाणी प्याला.

बातमी तिच्या आधी घरी पोचली. संध्याकाळी जयराज आला आणि उभ्या उभ्याच बोलला. "उद्या सकाळी गाडी काढतो. कपडं भरून ठिव."

"उद्याचा दिस दे," ती म्हणाली.

"उद्या काय हुनार हाय?"

"उद्या ऊन हाय," ती म्हणाली. जयराजला वाटलं, म्हाताऱ्याबरोबर हिचंही डोकं चाललं. "बरं, परवा," म्हणून तो मान हलवत गेला.

सकाळी तिनं आबांना आंघोळ घातली, जेवू घातलं, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. मग बाहेर आली आणि दाराला बाहेरून कडी घातली. जे करणार नाही म्हणून सांगलीहून येताना ठरवलं होतं, तेच. कडीवरून हात काढताना तिला भडभडून आलं. पण रडत बसायला ऊन थांबणार नव्हतं. उरलेला दुसरा डबा घेऊन ती गच्चीवर गेली. साळूबाईनं काही न विचारता आपल्या कुरडया गोळा केल्या आणि भर उन्हातली जागा मोकळी करून दिली.

दुपार झाली. खालून आधी दारावर टकटक ऐकू आली, अगदी सभ्य. "कुनी हाय का? जरा कडी काढा." मग थापा. मग, "आवं, गाडी निघून जाईल माझी." मग नुसतंच रडणं, मोठ्या माणसाचं, ज्याला सवय नसते तसं. संयोगिता गच्चीवर उकिडवी बसून कवच फिरवत होती. वर, खाली, कडा, परत वर. डोळ्यांतलं पाणी पुसायची सोय नव्हती, हाताला क्रीम होती. आपण हे काय करतोय, एका प्लॅस्टिकच्या डब्यासाठी बापाला कोंडून, असं तिच्या शंभरदा मनात आलं. आणि प्रत्येक वेळी तिनं कवच फिरवलं.

कधीतरी खालचा आवाज थांबला. ते जास्त वाईट होतं.

ऊन कलल्यावर तिनं कवच बादलीत धुतलं. पिवळा रंग गेला होता. कुठं किंचित ढगाळ होतं, पण पांढरं होतं. खालचं नाव तेवढं फिकट झालं होतं, तरी वाचता येत होतं. तिनं पट्टी आणि वायरी आत बसवल्या, स्क्रू आवळले. बोटांची टोकं पांढरीफटक पडून सोलली होती, स्क्रूही धड धरता येईना. मग खाली येऊन तिनं कडी काढली.

हंबीरराव दाराशेजारी भिंतीला टेकून बसले होते. पायात बूट, मांडीवर टोपी. तिनं गेम त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी बराच वेळ बघितली. हात फिरवला. खाचेत बोट घालून बघितलं.

"घावली?"

"घावली, आबा."

"स्टँडवरच हुती?"

"बाकड्यावरच हुती. एक म्हातारी टेकून झोपली हुती."

"बघ," ते म्हणाले. "कुनी न्हेली न्हाई. मानसं चांगली असत्यात." आणि वाकून त्यांनी बुटांच्या लेस सोडायला घेतल्या. संयोगिता ते बघत राहिली. किती महिन्यांनी ते स्वतःच्या हातानं बूट काढत होते. बूट भिंतीला नीट जोडून ठेवले आणि मान वर करून ते म्हणाले, "हाक मार की शंभूला."

याचा विचार तिनं केलाच नव्हता. रस्ता, टँकर, सांगली, ऊन, क्रीम, सगळ्याचा केला होता. गेम मिळाली की ती द्यायला पोरगं लागणार, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"शाळंत गेलाय," ती म्हणाली.

"मग यील," हंबीरराव म्हणाले.

सकाळी जयराज गाडी घेऊन आला. हंबीरराव उंबऱ्याशी अनवाणी बसले होते, मांडीवर पांढरी गेम. रस्त्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं, शाळेच्या बाजूला होतं. "शाळा सुटली का रं?" त्यांनी जयराजला विचारलं. जयराजनं तिच्याकडं बघितलं, भरून ठेवलेल्या पिशवीकडं बघितलं, आणि चहा न घेता गाडी वळवून गेला.

त्यानंतर ते हायवेकडं गेले नाहीत. जे तिला हवं होतं ते झालं. पण दिवसभरात कितीदा तरी तो प्रश्न यायचा, शाळा सुटली का, आणि दरवेळी तिला तोंड भरून सांगावं लागायचं, सुटंल आता. आधी ती त्यांना रस्त्यावरून ओढून आणायची आणि रात्री निदान झोपायची. आता ती घरातच रोज शंभूला शाळेत पाठवत होती. आणि उंबऱ्याशी ऊन यायला लागलं, की उठून गेमवर आईचा क्रोशाचा रुमाल टाकायची. क्रीमशिवायच्या नुसत्या उन्हानं ती पिवळी पडली की आबा परत बूट घालणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं फळीवर नवे डबे आणून ठेवले.

एका दुपारी ती केसांचा रंग कालवत होती. हंबीरराव गेम घेऊन आत आले आणि पार्लरच्या खुर्चीत बसले. तिच्या सोललेल्या बोटांकडं बघत राहिले. आज त्यांनी तिला ओळखलं होतं, ते डोळ्यांवरून कळत होतं.

"संयू," ते म्हणाले, "तुला म्या कवा हात लावू दिला न्हाई हिला."

खरं होतं. लहानपणी तिला फक्त वरची धूळ पुसायची परवानगी होती. शंभूची हाय, तुझ्यानं बिघडंल, एवढंच उत्तर. शंभू खेळायचा आणि ती मागं बसून बघायची. दुसरा रिमोट रिकामा असायचा, तरी बघायची.

"जाऊ द्या, आबा."

त्यांनी वायर सोडवून रिमोट तिच्या हातात दिला. बाहेर शाळेच्या बाजूला एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "तो यीस्तवर खेळ जरा. त्याला सांगू नगंस."

समोर पार्लरचा आरसा होता. टीव्ही आतल्या खोलीत, आणि त्याला ही वायर बसतही नव्हती. संयोगितानं रिमोट दोन्ही हातांत धरला. बटणं दाबताना बोटांची टोकं चुरचुरत होती. हंबीरराव आरशात बघत होते, एकटक, शंभूच्या मागं बसून ती बघायची तसे.

"शाळा सुटायच्या आत ठिव बरं का," ते म्हणाले.

"ठिवते," ती म्हणाली, आणि खेळत राहिली.